उरलेले दोन

माणसं पाणी प्यायचं विसरतात असा शोध ज्या कंपनीला लागला होता, त्या कंपनीत पंचनामे नोकरीला होते. पंचनामे हे त्यांचं आडनाव नव्हे. पण कोण कधी आलं आणि काय करून गेलं, हे वाचायचं काम ज्याच्या गळ्यात पडतं त्याला ऑफिसात कुणी खऱ्या नावानं हाक मारत नाही. पंचनाम्यांची त्याबद्दल तक्रार नव्हती. तक्रार करायची तर आधी कुणीतरी ऐकायला हवं.

कंपनीचं ॲप लोकांच्या फोनवर अधूनमधून 'टुण' असा आवाज करी आणि पडद्यावर एक रिकामा ग्लास दाखवी. खाली बटण असे : 'पाणी प्यायलं'. ते दाबलं की ग्लास भरे. पाणी प्यायल्यावर ग्लास रिकामा होतो असा बाहेरच्या जगातला अनुभव आहे, पण साहेबांना भरलेला ग्लास आशादायक वाटत असे, आणि ॲप साहेबांचं होतं.

बटण दाबलं की कंपनीच्या सर्व्हरवर एक ओळ उमटे. कोण, किती वाजता, कुठल्या फोनवरून, इंटरनेटच्या कुठल्या पत्त्यावरून. अशा ओळींचा जो ढीग साठतो त्याला लॉग म्हणतात. जिन्याजवळ खुर्ची टाकून बसलेली शेजारीण असते ना, येणाऱ्या-जाणाऱ्याचं सगळं पाहणारी आणि कुणाच्याच मदतीला न उठणारी, तसा हा लॉग असतो. आणि त्या शेजारणीला रीतसर प्रश्न विचारायचा, त्याला क्वेरी म्हणतात.

रोज सकाळी पंचनामे क्वेरी चालवत : काल किती लोक सक्रिय होते? डेटाबेस आज्ञाधारक असतो. प्रश्न बरोबर असला की बरोबर उत्तर देतो, चुकीचा असला की तितक्याच तत्परतेनं चुकीचं देतो. विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघून "काय हो, बरं नाही का वाटत?" असं तो कधी म्हणत नाही. पंचनाम्यांना त्याचा हा स्वभाव आवडे.

अडचण 'सक्रिय' या शब्दाची होती. सुरुवातीला बटण दाबेल तो सक्रिय, अशी साधी व्याख्या होती. मग असे लोक कमी होऊ लागले. तहान लागल्यावर पाणी प्यावं ही जुनी पद्धत त्यांना पुन्हा आठवली असावी. साहेबांनी व्याख्या जरा सैल केली : ॲप नुसतं उघडेल तोही सक्रिय. तेवढ्यानंही आलेख वर जाईना, तेव्हा पुन्हा बैठक बसली. साहेब पंचनाम्यांच्या जवळपास निम्म्या वयाचे होते आणि त्यांच्याकडे तेवढ्याच वयाची हुशारी होती.

"पंचनामे, ज्याचा फोन आपणहून आपल्याकडे आठवण मागायला येतो, तो माणूस आपला नाही का?"

"फोन येतो साहेब. माणूस येत नाही. फोन टेबलावर पडल्या पडल्या सकाळी एकदा आणि दुपारी एकदा सर्व्हरला विचारून जातो, नवीन काही आहे का म्हणून. त्याला पाणी प्यायलं कसं म्हणायचं?"

"तुमचा विश्वास कशावर आहे? फोनवर की माणसावर?"

"माणसावर."

"झालं तर मग. ठेवा विश्वास. प्यायला असेल तो."

क्वेरीत एक अट होती : 'फोननं आपणहून केलेल्या विचारणा वगळा.' पंचनाम्यांनी ती खोडली. एकच ओळ. दुसऱ्या दिवशी आलेख ताडकन उभा राहिला आणि साहेबांनी सगळ्यांसाठी केक मागवला. पंचनाम्यांनीही खाल्ला. केकचा काही दोष नव्हता.

लॉगचा अख्खा ढीग उपसायला फार वेळ लागे, म्हणून पंचनाम्यांनी एक छोटं टेबल करून ठेवलं होतं. तासातासाला ते आपलं आपण भरे. त्यात चारच रकाने : कोण, कुठल्या दिवशी, किती वेळा नि किती वाजता, आणि शेवटची हजेरी. सगळी कंपनी या चार रकान्यांवर जगत होती. स्वतः रांधलेल्यात काय काय घातलंय हे स्वयंपाक्याला ठाऊक असतं, असा एक गैरसमज आहे.

या टेबलात लाखभर लोक होते. त्यातल्या एकीसाठी पंचनाम्यांची वेगळी क्वेरी होती.

तिचं घरातलं नाव भिंगरी. लहानपणी एका जागी टिकत नसे म्हणून पडलेलं. मोठी झाली, दुसऱ्या शहरात नोकरीला लागली, भाड्याची खोली घेतली, तरी नाव तेच. कंपनी नवी असताना प्रत्येक नोकरदारानं दहा नातेवाईक आणावेत असा हुकूम निघाला होता. पंचनाम्यांनी भावजी, मेहुणी, आत्याचे मुलगे, सगळे गोळा केले. महिनाभरात सगळ्यांनी ॲप काढून टाकलं आणि लग्नाकार्यात पंचनाम्यांना टाळायला सुरुवात केली. टिकली एकटी भिंगरी. "बाबांचा आकडा माझ्यामुळे घसरायला नको," असं ती आईला म्हणे आणि न चुकता बटण दाबे. पाणी पीत होती की नाही, देव जाणे.

पंचनामे फोनवर फारसं बोलणारे नव्हते. "बरी आहेस ना? जेवलीस? हं, आईशी बोल." इथं त्यांचं संभाषण संपे. पण रोज चहाच्या वेळी ते तिची क्वेरी चालवत. एवढ्या वाजता उठली, एवढ्या वाजता पाणी प्यायली. त्यांच्या दृष्टीनं ती मुलीशी मारलेली गप्पाच होती. मुलीला त्याची कल्पना नव्हती, एवढाच काय तो फरक.

मग एका रविवारी त्यांनी फोनवर नेहमीपेक्षा एक वाक्य जास्त बोलायचं ठरवलं.

"काय गं, रात्री तीन-तीन वाजता कसलं पाणी पितेस? झोप लागत नाही का?"



"तुम्हाला कसं कळलं?"

"कामाच्या ओघात दिसलं."

"लाखभर माणसांत कामाच्या ओघात मीच दिसले?"

"अगं, काळजी वाटते म्हणून..."

"बाबा, फोन होता की तुमच्या हातात. मला विचारायचं होतंत, झोप लागते का म्हणून. तुम्ही डेटाबेसला विचारलंत."

झोप का लागत नाही हे राहूनच गेलं. त्या दिवसापासून तिनं फोन उचलला नाही. टेबलातली तिची ओळ थांबली. आईनं केलेले फोन पहिले काही दिवस नुसते वाजले, मग एक दिवस यंत्रानं सांगितलं की असा नंबर अस्तित्वात नाही.

"आपण जाऊन येऊ या का?" मुलीची आई म्हणाली.

"आणि तिनं दारात विचारलं, आता पायी पाठलाग सुरू केलात का, तर काय सांगू? रागावलीय. उतरेल राग."

"तिची ती खोलीतली मैत्रीण, तिचा नंबर असता तर..."

"नाही ना पण."

त्या दिवसांत पंचनामे क्वेरी चालवत आणि डेटाबेस शून्य ओळी परत करी. रिकामं उत्तर फार पटकन येतं. जेवताना ते भाकरीचा एक तुकडा तासभर फिरवत बसत. मुलीची आई ताटाकडे बघे, त्यांच्याकडे बघे आणि आपलंही ताट बाजूला सारी. घरात दोनच माणसं असली की एकानं जेवणं सोडल्यावर दुसऱ्याला भूक लागते म्हणायची चोरी होते.

आणि मग एका संध्याकाळी ते जिना चढून आले तेच धापा टाकत.

"अगं ऐकलंस का! पाणी प्यायली!"

"कोण?"

"कोण काय कोण? भिंगरी! आज आली ओळ."

मुलीच्या आईच्या हातात ओली कढई होती. ती तिनं हळूच ओट्यावर ठेवली, हात पुसले, पदर नीट केला आणि विचारलं, "किती वेळा?"

"चार!"

ती स्टुलावर खाली बसली. "चार," ती म्हणाली. "चार? नक्की?"

"अगं, माझ्या टेबलात आहे म्हणजे नक्कीच की."

त्या रात्री ते पोटभर जेवले. आणि जेवताना त्यांनी सगळी उकल करून सांगितली. तिला ठाऊक आहे की बाबा बघतात. ठाऊक असून दाबते, म्हणजे मुद्दाम दाबते. म्हणजे आपल्याला कळवते, की बरी आहे. बोलायचं नाही, पण बरी आहे. "तुझ्यावरच गेलीय," ते म्हणाले. "तूही भांडल्यावर चहा आणून आदळायचीस. बोलायची नाहीस, पण साखर बरोबर असायची."

"हं," मुलीची आई म्हणाली.

पुढं ते रोजचंच झालं. पंचनामे घरात शिरले की ती विचारी, "किती?" ते सांगत, चार. कधी पाच. एकदा दोनच होते, तेव्हा ते जरा खट्टू झाले, पण तिचा चेहरा त्या दिवशी विलक्षण उजळला. बायकांचं कशानं काय होईल सांगता येत नाही, असं मनाशी म्हणून त्यांनी विषय सोडला. कुणाला भेटायला जायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. मुलगी दिवसाला चारदा आपणहून बोलत असताना तिच्या दारात जाऊन उभं राहणं म्हणजे आगाऊपणा झाला असता. पंचनाम्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच संयम पाळला होता आणि त्यांना त्याचा अभिमान वाटू लागला होता.

तेवढ्यात कंपनीचा वाढदिवस आला. साहेबांना एक कल्पना सुचली. (साहेबांना कल्पना सुचल्या की ऑफिसात लोक आजारी पडत.) गेल्या काही महिन्यांत एक दिवसही खंड न पाडता पाणी पिणाऱ्या ग्राहकांना मंचावर बोलावून शाल द्यायची. यादी काढायचं काम पंचनाम्यांना. त्यांनी टेबलातून यादी काढली. वरच्या नावांत भिंगरीचं नाव होतं. नंबर बंद पडल्यानंतर जेव्हा ओळी पुन्हा सुरू झाल्या, तेव्हापासून एकही दिवस चुकला नव्हता.

पंचनामे त्या नावाकडे कितीतरी वेळ बघत बसले. कंपनी तिला निमंत्रण पाठवील. ती येईल. शाल घेईल. खालच्या रांगेत आईबाप बसलेले असतील. त्यांनी घरी काही सांगितलं नाही. फक्त येताना स्वतःसाठी एक नवा शर्ट घेतला.

यादी तपासायला बाहेरून एक तपासनीस बाई आल्या होत्या. गुंतवणूकदारांना मंचावर खोटी माणसं नको होती, खोटे आकडे त्यांना चालत. बाई टेबलावर विसंबणाऱ्या नव्हत्या. त्यांनी अख्खा लॉग उपसला आणि दुपारी पंचनाम्यांच्या खुर्चीपाशी आल्या.

"काका, ही तुमची मुलगी ना? घरच्यांना बक्षीस देता येत नाही."

"नाही का? ठीक आहे. शाल नका देऊ. पण निमंत्रण तेवढं पाठवा. ती परगावी असते."

"परगावी?" बाई म्हणाल्या. "तुम्ही घरून काम करता तेव्हा तुमच्या ओळी ज्या पत्त्यावरून येतात ना, त्याच पत्त्यावरून हिच्या येतात. सगळ्याच्या सगळ्या. आणि फोनही जुना दिसतोय, एकच."

त्यांनी पडदा वळवला. स्वतःचं हस्ताक्षर ओळखावं तसा पंचनाम्यांनी तो पत्ता ओळखला. त्यांच्या घरातला. बैठकीच्या खोलीत, चपलांच्या कपाटावर हिरवा दिवा लुकलुकवणारा तो डबा.

"या दोन बघा, कुणीतरी बटण दाबलंय," बाई बोट फिरवत होत्या. "आणि या दोन फोननं आपणहून केलेल्या विचारणा. या तुम्ही मोजायला नको होत्या खरं तर. कुणी काढली ती अट?"

"मी," पंचनामे म्हणाले.

"असो. दुसऱ्या नंबरला एका दुकानात काचेआड मांडलेला फोन निघालाय. त्याला तरी शाल कशी घालणार?" बाई हसल्या. मग त्यांनी पंचनाम्यांकडे पाहिलं आणि हसायच्या थांबल्या. "काका, पाणी देऊ का?"

ते भर दुपारी घरी आले. दार उघडंच होतं. भिंगरीच्या खोलीत टेबलाचा खालचा खण अर्धवट ओढलेला होता, त्यातून चार्जरची वायर भिंतीपर्यंत गेली होती आणि मुलीची आई खाली फरशीवर बसली होती. खणात, जुन्या मोजे-रुमालांवर, तो फोन होता. काच तडकलेला. नवा घेतल्यावर भिंगरीनं टाकून दिलेला. पडद्याला कुलूप होतं, पण कुलपावरही रिकामा ग्लास दिसत होता आणि ग्लासाखाली बटण. तिचा अंगठा बटणावर होता.

ती दचकली नाही. "आज लवकर आलात," म्हणाली.

"केव्हापासून?"

"बसा तरी."

"केव्हापासून करतेस हे?"

"तिच्या त्या मैत्रिणीचा नंबर मिळेल म्हणून चार्ज केला होता. उघडतोय कुठला! कुलूप काही मला सोडवता येईना. नुसता टुण टुण करत होता, म्हणून दाबलं. परत वाजला, परत दाबलं. मला काय ठाऊक त्याचं काय होतं! तर संध्याकाळी तुम्ही धापा टाकत आलात, पाणी प्यायली म्हणून."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस? तेव्हाच्या तेव्हा?"

"सांगणारच होते. कढई ठेवली ती त्यासाठीच. पण तुम्ही म्हणालात चार."

पंचनामे उभेच होते.

"मी दोनदाच दाबलं होतं," ती म्हणाली. "मला वाटलं, उरलेले दोन तिचे."

बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं. पाण्याच्या नळीचा आवाज येत होता.

"मला वाटलं, मी दाबलं ते वेगळं आणि तिनं तिकडून दाबलं ते वेगळं, दोन्ही एकत्र तुमच्याकडे येत असणार. खात्री करायची म्हणून दुसऱ्या दिवशी तीनदा दाबलं. तुम्ही पाच म्हणालात. मग एक दिवस हातच लावला नाही. मनात म्हटलं, आज शून्य आलं तर यांना सगळं सांगून टाकायचं आणि उद्याच्या गाडीनं निघायचं. तुम्ही आलात आणि म्हणालात, आज दोनच. रोजचे दोन. एक दिवस चुकले नाहीत. सकाळी एक, दुपारी एक, तुम्हीच सांगितलंत. म्हटलं, पोरगी नेमानं पाणी पितेय."

"मग तुझे दोन कशाला घालत राहिलीस वर?"

"दोन म्हटल्यावर तुमचं तोंड उतरलं होतं. चार आले की तुम्ही जेवता."

पंचनामे पलंगाच्या कडेवर टेकले. त्यांना अटीविषयी सांगायचं होतं. एक ओळ होती, ती असती तर ते दोन आले नसते, फोन नुसता पडल्या पडल्या विचारतो, साहेब म्हणाले विश्वास ठेवा, केक होता. हे सगळं त्यांनी सांगितलंही, बऱ्याच उलट्यासुलट्या क्रमानं. मुलीच्या आईनं नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे उरलेले दोन या फोनचे," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"तिचा एकही नाही."

"नाही."

"पहिल्या दिवसापासून?"

"हो."

तिनं फोनकडे बघितलं. "मला सांगायची भीती वाटायची. म्हटलं, यांना सांगितलं तर हे माझे दोन काढतील आणि मग तिचे दोनही तपासायला घेतील. तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे ना."

तपासले असते तर बरं झालं असतं, असं दोघांपैकी कुणीच म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं निघायचं ठरलं. निघताना मुलीच्या आईनं पाण्याची बाटली भरली, खिडक्या लावल्या, गॅस बंद आहे ना बघितलं आणि मग भिंगरीच्या खोलीच्या दारात थांबली.

"अहो, चार्जिंगवरून काढू का?"

काढला तर आजचा दिवस रिकामा जाणार होता. काढला नाही तर टेबलात तिच्या नावापुढं पुन्हा एक ओळ येणार होती, खोटी. असली ओळ येऊ देऊ नये, हे पंचनाम्यांइतकं चांगलं त्या इमारतीत कुणाला ठाऊक नव्हतं.

"राहू दे," ते म्हणाले.

परगावी तिची खोली एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर होती. घरमालकीण दारातच उभी राहून बोलली. खोलीत आता दुसरे भाडेकरू होते. आत लहान मूल रडत होतं.

"ती? ती कधीच गेली. मैत्रीण तर तिच्याही आधी गेली होती. चांगली होती हो पोरगी. शांत. रात्री उशिरापर्यंत दिवा असायचा तेवढा."

"कुठं गेली, काही बोलली?"

घरमालकिणीनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "घरी जाते म्हणाली. तुमच्याकडंच ना? आईबाबांकडं जाते म्हणाली."

घरमालकिणींना लोक असंच सांगतात. खोली सोडताना कुणी खरं कारण सांगत बसत नाही. जिना उतरताना पंचनाम्यांनी हे मुलीच्या आईला दोनदा सांगितलं. पहिल्यांदा ती हो म्हणाली. दुसऱ्यांदा तिनं कठडा धरला.

तिच्या ऑफिसात गेले तर तिथल्या माणसानं यादी बघून सांगितलं की राजीनामा आहे, पुढचा पत्ता नाही. मग उरलं पोलीस ठाणं. तिथले अंमलदार वयस्क होते, समजूतदार होते, आणि समोर बसलेल्या आईबापांना पंख्याखालची खुर्ची देण्याइतकी माणुसकी त्यांच्यात शिल्लक होती.

"घाबरू नका. मुलं रुसतात, येतात. भांडण कशावरून झालं?"

"मी तिच्यावर नजर ठेवत होतो," पंचनामे म्हणाले.

"आणि तरी हरवली?" असं अंमलदार बोलून गेले, मग सावरून म्हणाले, "बरं. शेवटची हजेरी कधीची? म्हणजे शेवटचं कधी दिसली, बोलली, काही खूण? फोन बंद असेल तर एखादं ॲप वगैरे? आजकाल त्यावरूनच कळतं."

'शेवटची हजेरी.' त्यांच्याच टेबलातला चौथा रकाना. पंचनाम्यांचा हात आपोआप खिशाकडं गेला. नोकरीभर कुणी काही विचारलं की ते हाच हात खिशात घालत. क्वेरी चालली. उत्तर आलं. त्यांनी ते वाचलं आणि वाचून फोन खाली ठेवायला हवा होता, पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं, ही सवय जुनी. त्यांनी फोन टेबलावरून पुढं सरकवला.

अंमलदारांनी चष्मा लावला.

"अहो, हे काय? आज सकाळचं आहे की हे. पाणी प्यायलीय म्हणतंय." त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचा आनंद पसरला. दिवसभरात एखाद्या तरी आईबापाला चांगली बातमी देता यावी असं त्यांना वाटत असणार. "आणि मागे रोजचं आहे. रोज चारदा! मग हरवली कशी म्हणायची? मजेत आहे पोरगी तुमची. पाणी पितेय वेळेवर."

पंचनाम्यांनी तोंड उघडलं. त्यांना अटीपासून सुरुवात करायची होती.

"ते आम्ही आहोत, साहेब," मुलीची आई म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे दोन मी. आणि दोन फोन."

अंमलदारांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग त्यांनी लिहायला घेतलेला कागद सरळ केला आणि पुन्हा, पहिल्यापेक्षा हळू आवाजात विचारलं, "मग तिची स्वतःची शेवटची हजेरी कधीची?"

पंचनाम्यांना त्याचं उत्तर ठाऊक होतं. ते कुठल्याही लॉगमध्ये नव्हतं. त्या रविवारी, फोनवर, ती म्हणाली होती, मला विचारायचं होतंत.

टेबलावरचा त्यांचा फोन 'टुण' वाजला. पडद्यावर रिकामा ग्लास आला. कंपनीच्या नोकरांनाही ॲप ठेवणं बंधनकारक होतं.

तिघंही त्याच्याकडं बघत राहिले. कुणी बटण दाबलं नाही.